काचेतील तळे

काचेच्या पेटीत पाणी भरावे, तळाशी चार रंगीत खडे टाकावेत आणि बाजारातून मासे आणून सोडावेत, म्हणजे मत्स्यालय तयार झाले, असा पुष्कळांचा समज असतो. पहिले चार-सहा दिवस हा समज खराही वाटतो. मासे शेपट्या हलवीत इकडून तिकडे फिरतात, मुले काचेला नाक लावून बसतात, शेजारीपाजारी कौतुक करून जातात. पुढे आठवड्या-दोन आठवड्यांत एखादा मासा पाण्याच्या पृष्ठभागाशी येऊन तोंडाची उघडझाप करू लागतो, दुसरा कोपऱ्यात निपचित पडून राहतो, आणि एके सकाळी पाहावे तो दोघेही उलटे तरंगत असतात. पाणी तर आरशासारखे नितळ! अन्नही वेळच्या वेळी घातलेले. मग मासे मेले कशाने? दुकानदाराने आजारी मासे दिले असतील, असे म्हणून लोक नवे मासे आणतात, आणि बहुधा त्यांचीही तीच गत होते.

मुलांनो, याचे उत्तर हवे असेल तर एखाद्या जुन्या तळ्याकडे पाहा. त्यात शेकडो मासे राहतात, खातात, पितात, मलमूत्र टाकतात. काठच्या झाडांची पाने गळून तळाशी कुजतात. ते तळे कोणी रोज उपसून घासत नाही. तरीही तेथील मासे सुखाने जगतात. तेव्हा त्या घाणीची विल्हेवाट लावणारे कोणीतरी तळ्यातच असले पाहिजे.

लंडनमधील रॉबर्ट वॉरिंग्टन या रसायनशास्त्रज्ञाने एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास हाच विचार केला. त्याने सुमारे बारा गॅलनांच्या काचपात्रात झऱ्याचे पाणी घेतले, तळाशी वाळू व चिखल घालून त्यात व्हॅलिस्नेरिया नावाची लांब, फितीसारख्या पानांची पाणवनस्पती लावली, आणि दोन लहान गोल्डफिश सोडले. वनस्पती उजेडात प्राणवायू देत होती; परंतु तिचीच जुनी पाने कुजून पाणी गढूळ होऊ लागले. तेव्हा त्याने तळ्यातील काही गोगलगाई आणून सोडल्या. त्यांनी कुजकी पाने व शेवाळ खाऊन टाकले, पाणी पुन्हा निवळले. हा प्रयोग त्याने 1850 साली प्रसिद्ध केला. पुढे तीनच वर्षांनी लंडनच्या प्राणिसंग्रहालयात लोकांसाठी मत्स्यालय उघडले गेले. आपल्या मुंबईत मरीन ड्राइव्हवर तारापोरवाला मत्स्यालय उघडले, ते 1951 साली.

मासे, वनस्पती आणि गोगलगाई अशी तीन पात्रे वॉरिंग्टनने ओळखली. चौथे पात्र मात्र त्यास दिसले नाही, कारण ते डोळ्यांस दिसणारे नव्हतेच. माशाच्या कल्ल्यांतून व मलातून अमोनिया नावाचे द्रव्य सतत पाण्यात उतरत असते. हे विष आहे, आणि ते पाण्याचा रंग बदलत नाही. म्हणूनच आपले नितळ पाणी आपणांस फसवते! तळ्यातील वाळूवर, दगडांवर व पानांवर एका जातीचे सूक्ष्म जिवाणू राहतात. ते या अमोनियाचे नायट्राइट करतात. नायट्राइट हेही माशांस घातकच. त्याचे नायट्रेट करणारे जिवाणू निराळे असतात. नायट्रेट मात्र थोड्या प्रमाणात असल्यास माशांस फारसे बाधत नाही, आणि वनस्पतींना तर ते खत म्हणून उपयोगी पडते. हे काम दोन टप्प्यांत व निरनिराळ्या जिवाणूंकडून होते, हे जमिनीच्या अभ्यासातून दाखवून देणारा संशोधक कोण असावा? वॉरिंग्टनचाच मुलगा! त्याचेही नाव रॉबर्टच होते. वडिलांच्या काचपात्रात जे गुपचूप चालले होते, त्याचा उलगडा असा मुलाच्या पिढीत झाला. पुढे 1890 च्या सुमारास विनोग्राड्स्की या रशियन शास्त्रज्ञाने हे जिवाणू वेगळे काढून दाखविले.

नव्या पेटीत हे जिवाणू जवळजवळ नसतातच. त्यांची वस्ती वाढावयास चार ते सहा आठवडे लागतात. या मुदतीपूर्वी बरेच मासे एकदम आणून सोडणे म्हणजे पाहुण्यांना जेवावयास बोलावून चूल न पेटविण्यासारखे आहे.

आता पेटीविषयी. 60 सेंटिमीटर लांब, 30 रुंद व 30 उंच अशी पेटी घरास पुरे. ती काठोकाठ भरल्यास 54 लिटर पाणी मावते. म्हणजे नुसत्या पाण्याचेच वजन 54 किलोग्रॅम झाले. वाळू आणि काच निराळी. तेव्हा डुगडुगत्या तिवईवर ती ठेवू नका. भक्कम व सपाट टेबलावर, खाली थर्मोकोलची पातळ चादर घालून ठेवा. थेट ऊन पडेल अशी खिडकीजवळची जागा टाळावी, नाहीतर काच शेवाळाने हिरवी होते. गोल, अरुंद तोंडाचे भांडे दिसावयास गोजिरवाणे असते, पण माझ्या मते माशास ती कोठडीच होय. पाणी हवेतील प्राणवायू शोषून घेते ते पृष्ठभागातून. तोंड जितके अरुंद, तितका प्राणवायू कमी.

जाड वाळू अनेकदा धुऊन पेटीत चार-पाच सेंटिमीटर जाडीची पसरावी. तीवर एक ताटली ठेवून ताटलीवर पाणी ओतावे, म्हणजे वाळू उसळत नाही. नळाच्या पाण्यात जंतू मारण्यासाठी क्लोरीन घातलेला असतो. तो माशांस आणि आपल्या उपयोगी जिवाणूंसही मारक आहे. यासाठी पाणी रुंद तोंडाच्या बादलीत एक दिवस उघडे ठेवावे, किंवा दुकानात मिळणारे क्लोरीन घालविणारे औषध सांगितलेल्या प्रमाणात वापरावे. मग पाणवनस्पती लावाव्यात आणि हवेच्या पंपावर चालणारी स्पंजाची गाळणी बसवावी. पंप पाण्याच्या पातळीहून उंच ठेवावा, आणि पेटीत हात घालण्यापूर्वी विजेचे बटण न चुकता बंद करावे. पेटीवर झाकणही हवे; कित्येक मासे उडी मारून बाहेर पडतात.

यानंतरचे दिवस कठीण. पेटी तयार, पाणी तयार, आणि मासा एकही नाही! रोज चिमूटभर माशांचे अन्न पाण्यात टाकीत राहावे. ते कुजून अमोनिया होतो, त्यावर जिवाणू वाढतात. पाणी तपासण्याचे थेंब मिळतात. ते घातले म्हणजे नमुन्याचा रंग बदलतो, आणि त्यावरून प्रमाण कळते. वहीत रोजचा आकडा टिपून ठेवल्यास एक नाटकच पाहावयास मिळते. प्रथम अमोनिया चढतो, मग उतरू लागतो. तो उतरत असता नायट्राइट चढते. शेवटी तेही उतरते आणि नायट्रेट दिसू लागते. टाकलेले अन्न कुजूनही अमोनिया व नायट्राइट दोन्ही शून्यावर राहू लागली, म्हणजे पेटी माशांसाठी सिद्ध झाली.

मासे कोणते आणावेत? गोल्डफिश लहान पेटीस योग्य नव्हे. तो वीतभर किंवा त्याहून मोठा होतो आणि घाणही फार करतो. मी तर झेब्रा माशाची शिफारस करीन. निळ्या-सोनेरी पट्ट्यांचा हा बोटापेक्षाही लहान मासा मूळचा आपल्याच देशातील. गंगेच्या माशांवरील ग्रंथात फ्रान्सिस हॅमिल्टनने 1822 साली त्याचे वर्णन केले. तो थव्याने राहणारा असल्यामुळे सहा तरी असावेत, पण प्रथम तीनच आणावेत व उरलेले दोन आठवड्यांनी. त्यांची पिशवी पाव तास पेटीतील पाण्यावर तरंगत ठेवावी, पिशवीत पेटीतील पाणी थोडेथोडे मिसळावे, आणि मग मासे जाळीने उचलून सोडावेत.

पुढची निगा थोडी आहे. दोन मिनिटांत संपेल एवढेच अन्न घालावे. दर आठवड्यास सुमारे चौथा हिस्सा पाणी काढून तितकेच क्लोरीनरहित पाणी भरावे. दिवाळीच्या साफसफाईत पेटी रिकामी करून वाळू, दगड, स्पंज सर्व नळाखाली खसाखसा धुण्याची हौस अनेक घरांत असते. त्या धुण्यात महिनाभर जोपासलेली जिवाणूंची वस्ती मरते. स्पंज पेटीतून काढलेल्या पाण्यातच हलका पिळून घ्यावा. त्यावर तपकिरी थर राहिला तरी राहू द्यावा.

मासे नकोसे झाले तर ते नदीत किंवा विहिरीत सोडू नयेत. दक्षिण अमेरिकेतून शोभेसाठी आणलेला सकर मासा असाच लोकांनी सोडल्यामुळे आपल्या देशातील अनेक तलावांत पसरला आहे. त्याच्या खरखरीत, काटेरी अंगाने मच्छीमारांची जाळी फाटतात, आणि बाजारात त्यास कोणी विचारीत नाही. नको असलेले मासे दुकानात परत द्यावेत किंवा एखाद्या मित्राला द्यावेत. त्या मित्राची पेटी नवी असेल, आणि तुमचे मासे निरोगी असतील, तर माशांच्या आधी तुमच्या गाळणीतील मळका स्पंज ओलाच कापून त्याचा तुकडा त्यास द्या. तो त्याच्या गाळणीत बसविला, म्हणजे त्यास महिनाभर थांबावे लागत नाही. बहुधा थोड्याच दिवसांत त्याची पेटी तयार होते.