परक्या लेकराचा फोटो काढण्याआधी

भिंगार या लष्करी छावणीच्या गावातल्या माणसाला फोटोबंदी नवी नाही. कॅम्पात लष्करी हद्दीची पाटी दिसली की मोबाइल आपोआप खिशात जातो. परदेशातल्या बागेत मात्र अशी पाटी नसते आणि नवखा माणूस तिथेच अडकतो. जर्मनी, इंग्लंड, अमेरिकेत स्थिरावलेली आपली कुटुंबं नव्याने येणाऱ्यांना जे बजावतात, ते असं.

जास्त खटके जर्मनीत उडतात, तेही बहुधा नातवाकडे आलेल्या आजी-आजोबांचे. नातू वाळूत खेळतोय, आजी व्हिडिओ काढतेय, शेजारी दोन परकी पोरं उघडीवाघडी पाण्यात. एक बाप येतो आणि आवाज न चढवता म्हणतो, ‘हे खोडा.’ आजीला राग येतो. आपल्याकडे गोंडस बाळ दिसलं की गालगुच्चा घेतात, फोटोही काढतात, कोणी हटकत नाही. पण जर्मनीत कायद्याचा कल बापाकडे आहे. माणसाचं छायाचित्र त्याच्या संमतीशिवाय पसरवायचं नाही, हा तिथला नियम १९०७ सालचा. १८९८ मध्ये बिस्मार्कच्या मृतदेहाचा चोरून फोटो काढला गेला, त्या प्रकरणातून आलेला. मिरवणुकीत किंवा देखाव्यात ओघाने आलेल्या माणसांना सूट आहे, मुद्दाम टिपलेल्या चेहऱ्याला नाही. लहान मुलाची संमती आई-वडिलांनी द्यायची. तेव्हा वाद न घालता, त्यांच्यादेखत खोडून मोकळं व्हा. शाळेतही हेच पाळा. पहिलीच्या पहिल्या दिवशी मुलांच्या हातात खाऊने भरलेला मोठा कागदी शंकू असतो. तो फोटो भिंगारला पाठवायचाच, पण आपल्याच लेकराचा. अख्खा वर्ग स्टेटसला लावू नका.

इंग्लंडमध्ये रस्त्यावर किंवा सार्वजनिक बागेत फोटो काढायला सरसकट बंदी नाही. मात्र काढणं वेगळं, छापणं वेगळं. गायक पॉल वेलर यांच्या मुलांचे फोटो २०१२ मध्ये कॅलिफोर्नियात काढले गेले. तिथे ते काढणं कायदेशीर होतं. इंग्लंडमधल्या वृत्तसंकेतस्थळाने मुलांचे चेहरे न झाकता ते टाकले, तेव्हा २०१४ मध्ये लंडनच्या न्यायालयाने १०,००० पौंड भरपाई द्यायला लावली. फोटो कुठे काढला यापेक्षा तो कुठे प्रसिद्ध झाला, यावर गाडी अडली. जलतरण तलाव, शाळा, खासगी क्लब यांचे नियम आणखी कडक. प्रवेशद्वारावर वाचून घ्या.

अमेरिकेत सार्वजनिक जागी छायाचित्रणाला मोठं संरक्षण आहे. म्हणून उलट प्रसंगही येतो: कोणीतरी तुमच्याच मुलीचा फोटो काढतं. फोन हिसकावू नका, त्यात तुम्हीच आरोपी व्हाल. सरळ विचारा, मुलीला बाजूला घ्या. पाठलाग किंवा काही विकृत वाटलं तर पोलिसांना फोन करा.

राहिलं परदेशातल्या आपल्या मराठी मंडळाचं. गणपतीत मुलांचे नाच बसवता, मग नावनोंदणीच्या अर्जावरच फोटोच्या परवानगीचा रकाना ठेवा, आणि एखाद्या घराने ‘नाही’ लिहिलं तर कारण विचारू नका.