न सोडता पाहिलेले गाठोडे

इंटरनेटवरून उतरवून घेतलेली ‘झिप’ फाईल म्हणजे अनेक फाईलींचे घट्ट बांधलेले एक गाठोडे होय. आत काय आहे हे कळण्यासाठी ते सोडलेच पाहिजे, असा सर्वसाधारण समज आहे. तो खरा नाही.

ही पद्धत अमेरिकेतील फिल कॅट्झ यांनी १९८९ साली प्रचारात आणली. अशा फाईलीच्या आरंभी बहुधा ‘पी’ व ‘के’ ही त्यांचीच आद्याक्षरे आढळतात. परंतु आपल्या दृष्टीने महत्त्वाचा भाग अखेरीस असतो. तेथे आतील प्रत्येक फाईलीचे नाव, मूळ आकार व दाबल्यानंतरचा आकार यांची यादी जोडलेली असते. ‘सेव्हन-झिप’सारखे साधन ती यादी वाचून दाखविते; तेवढ्याने आतील एकही फाईल चालू होत नाही.

यादीत प्रथम नावांचा शेवट पाहावा. ‘निकाल.पीडीएफ.ईएक्सई’ हा कागद नसून संगणकावर चालणारा कार्यक्रम आहे. विंडोज प्रणाली, व्यवस्था बदललेली नसल्यास, ओळखीचे शेवटचे पद झाकून ठेवते. मग भोळ्या वाचकास ‘निकाल.पीडीएफ’ एवढेच दिसते. नावाच्या आरंभी दोन टिंबे व तिरकी रेघ असेल, तर ती फाईल नेमलेल्या जागेबाहेर जाऊन बसण्याचा प्रयत्न करीत आहे असे समजावे. ही युक्ती २०१८ साली ‘झिप स्लिप’ या नावाने गाजली.

मात्र यादी नेहमीच सर्व काही सांगते असे नव्हे. एक कुप्रसिद्ध झिप फाईल अवघी ४२ किलोबाइटची आहे. तिच्या यादीत १६ लहान झिप फाईली दिसतात, आणि त्यांचे आकार मुळीच भयावह नसतात. पण त्या प्रत्येकीत पुन्हा १६, अशी गाठोड्यात गाठोडी आहेत; सर्व सोडल्यास सुमारे साडेचार पेटाबाइट इतका पसारा होतो. शाळेतला संगणक त्यापूर्वीच गुदमरेल! म्हणून गाठोड्यात गाठोडे आढळताच थांबावे.

२०२३ साली तर ‘विनरार’ या साधनातच दोष सापडला. निरुपद्रवी फाईल व तिच्याच नावाचा फोल्डर शेजारी ठेवलेले असत. यादीतून त्या फाईलीवर टिचकी मारली की फोल्डरातील घातक आज्ञावली चालू होई. रोख्यांचे व चलनाचे व्यवहार करणारे लोक त्यात सापडले. ६.२३ या आवृत्तीत तो दोष दूर झाला. तेव्हा साधन अद्ययावत असावे, आणि यादी नुसती वाचावी. तिच्यातील नावावर टिचकी मारू नये.

सांकेतिक शब्दाने बंद केलेल्या गाठोड्यात विषाणुशोधकाला डोकावता येत नाही. तो शब्द फाईलीबरोबर आलेल्या पत्रातच दिलेला असेल, तर संशय अधिकच घ्यावा. तथापि साध्या झिप फाईलीत मजकूर झाकला तरी नावे उघडीच राहतात, आणि सांकेतिक शब्द न देताही ती वाचता येतात.