ल्वार नदीकाठच्या वाइन : आस्वाद, वाढप आणि एक पथ्य

बालरोगतज्ज्ञाने स्मरणिकेत वाइनविषयी लिहावे, याचे आमच्या अनेक वैद्यकबंधूंना नवल वाटेल. फ्रेंच वाइनचा पसारा एका लेखात मावणारा नाही. म्हणून मी एकाच नदीचा काठ निवडला आहे. ल्वार ही फ्रान्समधील सर्वांत लांब नदी, सुमारे १००० किलोमीटरची. तिच्या मुखाजवळ नांत हे शहर वसले आहे. या शहराचा आमच्या शाखेशी जो संबंध आहे, तो पुढे ओघाने येईल.

आस्वादाची रीत डॉक्टरांना परकी वाटू नये. ती रुग्णतपासणीप्रमाणेच क्रमाने चालते. प्रथम निरीक्षण. पेला पांढऱ्या कापडासमोर तिरका धरून रंग पाहावा. पांढरी वाइन वयाबरोबर गडद होत जाते, लाल वाइन फिकट होऊन विटकरी छटेकडे झुकते. मग पेला हलकेच फिरवून गंध घ्यावा. ओल्या पुठ्ठ्यासारखा कुबट वास आला तर बुचाचा दोष समजावा व ती बाटली बाजूला ठेवावी. शेवटी लहानसा घोट तोंडात घोळवावा. आंबटपणा सुटणाऱ्या लाळेवरून कळतो. टॅनिनचा तुरटपणा, कच्ची सुपारी चघळल्यावर जाणवतो तसा, हिरड्यांवर जाणवतो. व्यावसायिक परीक्षक यानंतर तो घोट चक्क पिकदाणीत टाकतो! चव ओळखण्यासाठी मद्य पोटात जाण्याची आवश्यकता नाही, ही या विद्येतील सर्वांत शहाणपणाची गोष्ट आहे, असे माझे मत आहे.

नांतच्या परिसरातील वाइनचे नाव मस्कादे. १७०९ सालच्या भीषण हिवाळ्यात तेथील द्राक्षमळे गोठून गेले. त्यानंतर थंडी सोसणारी ‘मलाँ’ ही बर्गंडीकडील जात तेथे स्थिरावली. ही वाइन किण्वनानंतर तळाशी बसलेल्या यीस्टच्या गाळावरच हिवाळाभर ठेवतात व गाळावरूनच बाटलीत भरतात. त्यामुळे तिला किंचित भरीवपणा येतो आणि जिभेवर कर्बवायूची बारीक चुणचुण जाणवते. गंध बेताचा, आंबटपणा स्वच्छ. तिची खरी सोबत म्हणजे त्या किनाऱ्यावरची कच्ची कालवे. आम्हां गोमंतकीयांना कालवांची ओळख करून द्यायला नको. मात्र आपण ती शिजवून, मसाल्यात घोळवून खातो. तेथे शिंपला उघडून ती तशीच खातात, आणि मस्कादे तेथे लिंबाच्या फोडीचे काम करते. लाल वाइन अशा जेवणाला का चालत नाही, याचा उलगडा जपानी संशोधकांनी २००९ साली केला. वाइनमधील लोह सागरी अन्नातील स्निग्धाम्लांशी संयोग पावून हिवस वास निर्माण करते. लाल वाइनमध्ये लोह बहुधा अधिक असते. जुन्या लोकांचा अनुभव रसायनशास्त्राने खरा ठरवला.

नदीच्या उगमाकडे जाऊ लागले की वूव्रे लागते. येथील शेनँ ब्लाँ द्राक्षापासून अगदी कोरडी, गोड आणि फेसाळ अशा तिन्ही तऱ्हांची वाइन होते. कोरडी असेल तर नदीतील माशांबरोबर उत्तम. त्याच भागातील शिनाँ लाल वाइनसाठी प्रसिद्ध. तिचे द्राक्ष काबर्ने फ्राँ. टॅनिन सौम्य, म्हणून ती कोंबडी व डुकराच्या मांसाबरोबर घेतात. या गावाजवळ जन्मलेला राब्ले हा थोर विनोदी लेखक आपल्यापैकीच एक होता. १५३२ साली तो ल्यों येथील रुग्णालयात वैद्य म्हणून काम करीत होता. वाइनची थोरवी गाणाऱ्या साहित्यिकांत त्याचे स्थान मानाचे आहे. पण वैद्यकीय सल्ला म्हणून त्याचे लेखन कोणी वाचू नये! आणखी वर सांसेर. तेथील सोव्हिन्याँ ब्लाँ आणि शेजारच्या शाविन्योल गावचे बकरीच्या दुधाचे चीज ही जोडी मला निर्दोष वाटते, कारण चीजचा खारट आंबटपणा वाइनच्या आंबटपणाला बरोबरीने भेटतो. नाशिकच्या सुला कंपनीने २००० साली बाजारात आणलेल्या पहिल्या वाइन याच दोन पांढऱ्या द्राक्षांच्या होत्या.

वाढपाविषयी थोडक्यात. मस्कादे ८ ते १० अंशांवर द्यावी, शिनाँ १४ ते १६ अंशांवर. आपल्या हवेत ‘खोलीचे तापमान’ म्हणजे ३० अंश. तेव्हा लाल वाइनही अर्धा तास शीतकपाटात ठेवलेली बरी. पेला तृतीयांशच भरावा, म्हणजे गंधाला जागा राहते.

आता पथ्य. १२ टक्क्यांच्या १०० मिलिलिटर वाइनमध्ये सुमारे १० ग्रॅम अल्कोहोल असते, आणि नाजूक पेल्यात ओतले म्हणून त्याचा गुणधर्म पालटत नाही. माझ्या बाह्यरुग्ण विभागात आजही सुशिक्षित गर्भवती विचारतात, “डॉक्टर, वाइन तर द्राक्षांचाच रस, एक ग्लास चालेल ना?” काही घरांत सर्दी झालेल्या तान्ह्याला ब्रँडीचे दोन थेंब देण्याची प्रथाही टिकून आहे. दोन्ही प्रश्नांना माझे उत्तर एकच असते : थेंबभरही नको. अल्कोहोल वार ओलांडून गर्भात मुक्तपणे पोहोचते; गर्भावस्थेत त्याचे सुरक्षित प्रमाण कोणते, हे कोणालाही ठरवता आलेले नाही.

हे प्रथम विस्ताराने नोंदवले कोणी? नांतच्याच एका बालरोगतज्ज्ञाने. पॉल लमवान यांनी सहकाऱ्यांसह १९६८ साली मद्यासक्त मातापित्यांच्या १२७ मुलांचे निरीक्षण प्रसिद्ध केले : चेहऱ्याची विशिष्ट ठेवण, खुंटलेली वाढ, जन्मजात विकृती, मनोविकासातील अडथळे. लेख फ्रेंचमध्ये, प्रादेशिक नियतकालिकात. त्याकडे फारसे कोणी पाहिले नाही. १९७३ साली सिएटलच्या जोन्स व स्मिथ यांनी ‘लॅन्सेट’मध्ये हाच विकार मांडला, तेव्हा जगाने दखल घेतली. मस्कादेच्या मळ्यांनी वेढलेल्या शहरात राहून लमवान यांनी ही मुले पाहिली आणि ते गप्प बसले नाहीत, याचा मला आमच्या शाखेचा एक सेवक म्हणून अभिमान वाटतो. ऑक्टोबर २००७ पासून फ्रान्समध्ये विकल्या जाणाऱ्या प्रत्येक मद्याच्या बाटलीवर गर्भवतींसाठी इशारा सक्तीचा आहे. बहुतेक बाटल्यांवर तो चित्ररूपाने, मागच्या लेबलावर, अगदी लहान आकारात आढळतो : गर्भवतीची आकृती, हातात पेला, आणि त्यावर आडवी रेघ.