वसाहतीचा नकाशा ओट्यापासून

कामगार आणि कारागिरांची स्वतःच्या पायावर उभी राहील अशी वसाहत कशी आखावी, या प्रश्नावर मी बराच काळ काम करते आहे. बहुतेक काम सोलापूर आणि आसपासच्या भागात झालं. या शहरात घर आणि कारखाना वेगळे काढताच येत नाहीत. विडी घरात वळली जाते, कित्येक ठिकाणी माग घरात चालतो, शिलाई मशीन तर खाटेला लागूनच असतं. या कामात जे पक्कं झालं ते लिहिते आहे.

१. आधी दिवस बघा, मग खोली काढा.

विडी वळणाऱ्या बाईचं घर आखायचं तर तिच्या शेजारी दिवसभर बसावं. रात्री भिजवलेली तेंदूपानं ती सकाळी ओल्या फडक्यातून सोडवते. पान सुकलं तर वळताना तडकतं. पत्र्याचा साचा पानावर ठेवून कात्री फिरते. मग मांडीवर सूप येतं, सुपात तंबाखू. पान चिमटीत धरायचं, तंबाखू पसरायची, एक वळसा, दोऱ्याचे फेरे, आणि टोक नखाने आत दाबायचं. मजुरी हजारावर मिळते, म्हणून हजाराचा आकडा भरेपर्यंत पाठ सरळ होत नाही.

या सगळ्या वेळात पंखा बंद असतो. मे महिन्यात पारा चाळिशीच्या वर गेला तरी बंदच, कारण वाऱ्याने तंबाखू उडते आणि पानं वाळतात. म्हणजे या बाईला सावली हवी, उजेड हवा, पण अंगावर येणारा झोत नको. नुसती मोठी खिडकी काढून हे साधत नाही.

नव्या घरात काय पाहिजे, असं एका अक्कांना विचारलं. सुपावरची नजर न काढता त्या म्हणाल्या, "ताई, खोली बारकी दिली तरी चालंल, पण बसायला ओटा द्या. आत बसलं की लेकरं तंबाखूतच झोपतात." माझ्या दृष्टीने तो पूर्ण आराखडा होता. दारापुढे छप्पर असलेला ओटा, त्याला गुडघाभर भिंतीचा आडोसा, तोंड शक्यतो उत्तरेला. तंबाखू ठेवायला चुलीपासून आणि अंथरुणापासून लांब एक बंद कोनाडा. पानं भिजवायला ओट्यालगत नळ आणि छोटी मोरी. खर्च कमी करायची वेळ आली की पहिली कात्री ओट्यावर चालते, आणि त्या बैठकीत मी अडून बसते. ओटा काढून टाकला तर आपण तिच्या लेकरांच्या श्वासात तंबाखू पुन्हा घालतो आहोत.

२. प्रत्येक धंदा जमिनीला वेगळ्या तऱ्हेने धरून असतो.

खड्डा-मागावर विणकर पाय खाली सोडून बसतो. त्याला तळमजला लागतो, पहिल्या मजल्याच्या फरशीत खड्डा खणता येत नाही. यंत्रमागाचा हादरा आणि खडखडाट झोपायच्या खोलीशेजारी ठेवू नये. त्याला वेगळी शेड, थ्री-फेज वीज आणि टेम्पो आत येईल एवढा रस्ता हवा. कांड्या भरणं मात्र घरात चालतं आणि ते बहुधा बायकाच करतात. म्हणून शेड घरापासून हाकेच्या अंतरावर असावी, गावाबाहेर लोटलेली नको.

धारावीचा कुंभारवाडा पाहिला की हे आणखी स्पष्ट होतं. सौराष्ट्रातून आलेल्या कुंभारांनी वसवलेल्या या वस्तीत भट्ट्या घरांच्या ओळींमधल्या सामाईक मोकळ्या जागेत आहेत. माती घरासमोर उतरते, चाक आत फिरतं, कच्ची मडकी अंगणात वाळतात, आणि भट्टी शेजारी-शेजारी मिळून वापरतात. हे काम उंच इमारतीत सातव्या मजल्यावर न्या, धंदा संपला. पुनर्वसनात 'इतक्या चौरस फुटांचं पक्कं घर' हा हिशेब कुंभाराला पटत नाही, याचं कारण इथे आहे.

३. घर वाढणार आहे, हे धरून चाला.

नवी मुंबईत बेलापूरला चार्ल्स कोरिया यांनी १९८० च्या दशकात आखलेली वसाहत आर्टिस्ट्स व्हिलेज म्हणून ओळखली जाते. तिथे एका घराची भिंत दुसऱ्याशी सामाईक ठेवलेली नाही. ज्याला हवं तेव्हा तो आपलं घर वाढवू शकतो, शेजाऱ्याची परवानगी लागत नाही. इंदूरच्या अरण्य वसाहतीत बाळकृष्ण दोशी यांनी गरिबांसाठी वेगळी वाट घेतली. जोतं, न्हाणी-संडास आणि पाण्याची जोडणी एवढं द्यायचं, पुढचं घर ज्याने त्याने ऐपतीप्रमाणे चढवायचं. तिथे सुमारे साडेसहा हजार भूखंड होते. या कामाला पुढे आगाखान पुरस्कार मिळाला.

दोन्ही ठिकाणी आज मूळ रूप बरंच बदललं आहे. वास्तुकलेचे विद्यार्थी हळहळतात, मला त्यात समाधान वाटतं. कारागिराच्या घरात मुलाचं लग्न झालं, एक माग वाढला, भाच्याला शिकायला आणलं, की भिंत सरकलीच पाहिजे. भूखंड लहान चालेल, पण ज्या बाजूला घर सरकेल ती बाजू नकाशात पहिल्या दिवसापासून मोकळी हवी.

४. स्वावलंबन कुंपण घालून येत नाही.

'सगळं वस्तीतच पिकेल, वस्तीतच खपेल' हे स्वप्न ऐकायला गोड आहे. मी त्याच्या विरोधात आहे. चादरी विणणारी हजारो कुटुंबं एकमेकांना चादरी विकून जगणार नाहीत. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० साली औंध संस्थानात निवडुंग माजलेल्या माळावर किर्लोस्करवाडी वसवली. जागा उजाड होती, पण शेजारी कुंडल रोड हे रेल्वे स्टेशन होतं. लोखंड बाहेरून यायचं आणि नांगर बाहेर जायचे. फाळणीनंतर १९४८ मध्ये एस. के. डे यांनी निर्वासित कारागिरांना घेऊन हरियाणातलं नीलोखेडी उभारलं, तेही दिल्ली-अंबाला रेल्वेमार्गावर. जागा दलदलीची होती, पण जगाशी जोडलेली होती.

मग स्वावलंबन तुटतं कुठे? विणकराच्या बाबतीत ते सुताच्या उधारीवर तुटतं. व्यापाऱ्याकडून सूत उधार घ्यायचं, माल त्यालाच द्यायचा, भाव त्यानेच सांगायचा. चादरीला मागणी थंडीच्या तोंडावर, विणकाम वर्षभर. मधले महिने माल धरून ठेवायची ताकद नसेल तर पडेल भावाने विकावा लागतो. म्हणून माझ्या आराखड्यात समाजमंदिराच्या आधी गोदाम येतं. कोरडं, उंच जोत्याचं, सहकारी संस्थेच्या ताब्यातलं. एका बाजूला एकत्र खरेदी केलेलं सूत, दुसऱ्या बाजूला तयार माल, आणि त्या मालावर उचल देणारी पतसंस्था तिथेच. रंगाईचं सांडपाणी शुद्ध करायची सोय हीसुद्धा सामाईकच असावी लागते, एकट्या कारागिराला ती परवडत नाही.

५. बस.

शहरापासून लांब जमीन स्वस्त मिळते. पण तयार विड्या रोज कारखानदाराच्या ब्रँचला पोचवायच्या आणि तिथून पानं-तंबाखू घेऊन यायचं, तर बसभाडं मजुरीतून जातं. जमिनीचा भाव मोजताना पुढच्या वीस वर्षांचं बसभाडं त्यात धरावं. आणि कारखानदारांना वसाहतीतच ब्रँच काढायला लावणं हे नियोजनाचंच काम आहे, ते संघटनेवर सोडून देऊ नये.

६. देखभालीचा पैसा पाया खणतानाच ठरवा.

घरांना अनुदान मिळतं. मोटार जळाली, नाली तुंबली, रस्त्यावरचे दिवे गेले, तर त्याला कोणी अनुदान देत नाही. घरटी वर्गणीवर भिस्त ठेवली की मंदीच्या महिन्यात ती थांबते, नेमकी तेव्हाच मोटार बंद पडते. मी आग्रह धरते तो असा: मुख्य रस्त्याकडचे गाळे आणि शेड संस्थेच्या मालकीचे ठेवा, विकू नका. त्यांचं भाडं देखभालीच्या वेगळ्या खात्यात जमा व्हावं आणि हिशेब दर महिन्याला फळ्यावर लागावा, मराठीत आणि तेलुगूतही, कारण इथले पद्मशाली विणकर तेलंगणातून आलेले आहेत आणि घरात अजून तेलुगू बोलतात.

७. आजचा धंदा उद्या असेलच असं नाही.

सोलापूरइतकं हे कोणत्या शहराला माहीत असेल? ज्या कापड गिरण्यांवर हे शहर वाढलं त्या एकामागून एक बंद पडल्या. विडीचं काम आटत चाललं आहे, आणि ते आटावं असं मलाही वाटतं, फक्त बाईच्या हाताला दुसरं काम मिळाल्यानंतर. अलीकडे गणवेश शिवण्याचा व्यवसाय इथे वाढतो आहे. विडीसाठी काढलेला ओटा शिलाई मशीनलाही पुरतो, वीजजोडणी आधीच तिथवर आणून ठेवली तर. वसाहतीच्या मध्यावर प्रशिक्षणाची मोठी खोली हवी, पण तिच्यावर एकाच धंद्याची पाटी नको. आणि शेजारी पाळणाघर हवंच, त्याशिवाय प्रशिक्षणाला कोणतीही आई बसू शकत नाही.

८. माणसं आधी एकत्र आलेली असावीत.

सोलापूरजवळ कुंभारी इथे विडी कामगार स्त्रियांची दहा हजार घरांची वसाहत उभी राहिली, तिला कम्युनिस्ट नेत्या गोदूताई परुळेकरांचं नाव आहे. २००६ मध्ये तत्कालीन पंतप्रधान मनमोहन सिंग यांच्या हस्ते घरं सुपूर्द झाली. त्यामागे कामगार नेते नरसय्या आडम आणि लाल बावट्याच्या युनियनचा दीर्घ लढा होता, आणि खर्चात केंद्र आणि राज्य सरकारबरोबर कामगार स्त्रियांचा स्वतःचाही वाटा होता. त्याच चळवळीतून पुढे तीस हजार घरांचं रे नगर आलं आणि जानेवारी २०२४ मध्ये पंधरा हजार घरांचं हस्तांतरण पंतप्रधान नरेंद्र मोदी यांच्या हस्ते झालं. पक्ष वेगळे, सरकारं वेगळी, पण मागणारी संघटना तीच राहिली. नगररचनाकाराने कितीही चांगला नकाशा काढला तरी ही ताकद तो कागदावर आणू शकत नाही. तिला इजा होणार नाही एवढं मात्र त्याने पाहावं.

ती इजा सोडतीत होते. संगणकाच्या चिठ्ठीने घर क्रमांक पडतात आणि वर्षानुवर्षं एका गल्लीत राहणाऱ्या बायका वसाहतीच्या चार टोकांना जातात. एकमेकींची लेकरं सांभाळणाऱ्या, एकमेकींच्या विड्या ब्रँचला नेणाऱ्या, भिशी चालवणाऱ्या या बायका. म्हणून अलीकडे प्रत्येक आराखड्यासोबत मी अर्जाचा नमुनाही देते. त्यात एक रकाना असतो: 'कोणाच्या शेजारी राहायचं आहे?' दहा-बारा कुटुंबांनी मिळून एकच अर्ज करायचा, सोडत त्या गटाची काढायची, आणि गटाला एका अंगणाभोवतीची सगळी घरं द्यायची. संगणकाला हे काम जड नाही. शासन निर्णयात मात्र तसं लिहून घ्यावं लागतं, आणि सध्या माझी खटपट त्यासाठीच चालू आहे.