तेलाचा लाल दिवा आणि माझं शहाणपण

गाडीची चावी फिरवली की डॅशबोर्डवर बरेच दिवे लागतात. त्यात अल्लादीनच्या दिव्यासारखा दिसणारा एक लाल दिवा असतो, तोंडाशी तेलाचा थेंब असलेला. गाडी चालू असताना हा दिवा लागला तर जिन वगैरे कुणी येत नाही, गॅरेजचं बिल येतं. 'आय.सी. इंजिन्स'च्या पुस्तकात ल्युब्रिकेशनचा धडा मी वाचला होता, परीक्षेत आकृतीसह लिहिलाही होता. तरी मला तो कळला नव्हता, म्हणून हा लेखप्रपंच.

झालं असं. माझ्या मामांची कऱ्हाडला टुरिस्टची डिझेल गाडी आहे. एकच गाडी. घर तिच्यावर चालतं आणि बँकेचा हप्ताही तिच्याच जिवावर. टी.ई.ची परीक्षा संपवून मी सुट्टीला गेलो होतो. मामांना चिपळूणहून लग्नाचं भाडं उचलायचं होतं, मीही बरोबर निघालो. पाटण, कोयनानगर करत कुंभार्ली घाटात शिरलो. एका उखडलेल्या जागी गाडीच्या पोटाला खालून दगड लागला. 'ठक्' असा आवाज आला. थोडं चुकचुकलो आणि पुढे निघालो.

घाट उतरताना लाल दिवा लुकलुकायला लागला. वळणावर चालू, सरळ रस्त्यावर बंद. मामा म्हणाले, "इंजिनियर, हा दिवा काय म्हणतोय बघ की जरा."

मी ऐटीत सांगितलं, "मामा, ऑइल कमी असतं तर दिवा सतत लागला असता. लुकलुकतोय म्हणजे वायर लूज असणार, नाहीतर सेन्सर गेला असेल. चिपळूण आलंच आता, तिथे दाखवू."

मामांना थांबायचं होतं, ते त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होतं. पण भाचा पडला इंजिनियरिंगचा! पोफळी गेल्यावर दिवा कायमचा लागला. थोड्याच वेळात इंजिनमधून खट्-खट् सुरू झाली, मग कर्कश आवाज, आणि गाडी गपकन बंद. सेल्फ मारला तर नुसतं 'टक'. क्रँक जाम.

टोचन करून गाडी चिपळूणला नेली. मिस्त्रींनी चेंबर (म्हणजे आपल्या पुस्तकातला सम्प) खोलला. त्याला चीर गेलेली, आत वाटीभर ऑइल आणि बेरिंगचा चुरा. मिस्त्री म्हणाले, "दिवा लागला तिथंच बंद केली असती तर चेंबर आन् ऑइलवर भागलं असतं." आता क्रँकपासून सगळं काम निघालं. ऐन लग्नसराईत गाडी गॅरेजात. मामा मला एक शब्द बोलले नाहीत. ओरडले असते तर बरं वाटलं असतं.

माझं चुकलं कुठे?

पहिली चूक म्हणजे, हा लाल दिवा ऑइलची पातळी दाखवतो असं मी धरून चाललो. तो दाखवतो दाब. (काही गाड्यांत पातळीसाठी वेगळा, बहुधा पिवळा दिवा असतो.) इंजिनच्या ऑइल गॅलरीत एक प्रेशर स्विच बसवलेला असतो. आत पडदा आणि स्प्रिंग. दाब नसला की स्विचचे संपर्क जोडलेले राहतात आणि दिवा लागतो; दाब आला की पडदा ढकलला जातो, संपर्क सुटतात, दिवा विझतो. म्हणून चावी 'ऑन' केल्यावर हा दिवा लागलाच पाहिजे आणि इंजिन सुरू झाल्यावर काही सेकंदांत विझलाच पाहिजे. चावी फिरवूनही लागत नसेल तर खुश होऊ नका, पहारेकरीच झोपलाय!

गरम इंजिनमध्ये गाडी रस्त्यावर चालत असताना साधारण २ ते ४ बार दाब असतो. स्विच मात्र बऱ्याच गाड्यांत ०.३ ते ०.५ बारच्या आसपास आल्यावर दिवा लावतो. म्हणजे ही पहिली घंटा नसून शेवटची घंटा आहे.

मग दिवा लुकलुकत का होता? चेंबरमधलं ऑइल कमी झालं की वळणावर ते एका बाजूला सरकतं आणि पंपाच्या जाळीच्या तोंडाशी हवा येते. दाब पडतो. सरळ रस्त्यावर ऑइल परत जागेवर. म्हणजे ज्या लक्षणावरून मी 'ऑइल ठीक आहे' म्हणालो, तेच ऑइल कमी असल्याचं लक्षण होतं!

आणि इंजिन इतक्या लवकर का गेलं? क्रँक आणि बेरिंग यांत फट असते मि.मी.च्या काही शतांश भागांची. १८८३ साली बीचम टॉवर या इंग्रज अभियंत्याने बेरिंगला वरून भोक पाडलं, तर शाफ्ट फिरायला लागल्यावर त्यातून ऑइल वर येऊन बाहेर पडलं. त्याने लाकडी खुंटी ठोकली, ती ऑइलने ढकलून काढली. फिरणारा शाफ्ट ऑइलला पाचरीसारखं फटीत ओढतो, त्यातून प्रचंड दाब तयार होतो आणि शाफ्ट त्यावर तरंगतो. याचं गणित ऑस्बोर्न रेनॉल्ड्सने १८८६ साली मांडलं. हो, आपल्या 'रेनॉल्ड्स नंबर'वालाच. पंपाचं काम फक्त ऑइल पुरवत राहण्याचं. पुरवठा थांबला की पाचर संपली, धातूवर धातू घासला, आणि मग बेरिंग वितळायला फार वेळ लागत नाही.

तर मित्रांनो, दिवा लागला तर एवढं करा :

१. गाडी सुरक्षितपणे बाजूला घेऊन इंजिन लगेच बंद करा. 'पुढच्या गॅरेजपर्यंत' हा विचारही नको. पण चालत्या गाडीत चावी फिरवू नका. इंजिन बंद पडलं की ब्रेक आणि स्टिअरिंग जड होतात. चावी काढली तर स्टिअरिंग लॉकही होऊ शकतं.

२. सपाट जागी पाच-दहा मिनिटं थांबा, ऑइल खाली उतरू द्या. डिपस्टिक पुसून परत घाला, मग पातळी बघा. गाडीखाली वाकून गळती बघा.

३. पातळी कमी आणि गळती नसेल तर मॅन्युअलमध्ये दिलेल्या ग्रेडचं ऑइल थोडं थोडं टाका. वरच्या खुणेपलीकडे नको. सुरू केल्यावर दिवा विझला तरच निघा आणि गाडी लवकर दाखवून घ्या.

४. पातळी बरोबर असूनही दिवा विझत नसेल, किंवा गळती असेल, तर गाडी टोचन करा. पंप, तुंबलेली जाळी, अडकलेला रिलीफ व्हॉल्व्ह, झिजलेल्या बेरिंग, यांपैकी काहीही असू शकतं. स्विचसुद्धा खराब असू शकतो. पण ते स्विचच्या जागी प्रेशर गेज लावून, दाब मोजून ठरवायचं. अंदाजाने नव्हे.

गाडी दुरुस्त झाली, हप्ते थोडे पुढे गेले. मामा अजूनही मला 'इंजिनियर'च म्हणतात. दिवाळीत गेलो तेव्हा पहाटे भाड्याला निघताना त्यांनी मला उठवलं, बॉनेट उघडलं आणि हातात फडकं देऊन म्हणाले, "बघ रे ऑइल." मी डिपस्टिक दोनदा पुसून बघितली. आजवर दिलेल्या सगळ्या व्हायव्हांपेक्षा त्या वेळी हात जास्त थरथरत होते.