गटारीची हाडं आणि पापिनचा कुकर

आषाढातली अमावस्या म्हणजे दिव्यांची अवस. घरोघरी दिवे घासूनपुसून त्यांची पूजा होते आणि हॉस्टेलवर त्याच दिवसाला गटारी म्हणतात! दुसऱ्या दिवशी श्रावण लागला की महिनाभर मेसमध्ये मटण-चिकनचं नाव निघत नाही. त्यामुळे उरलेलं 'उद्या बघू' म्हणून ठेवायची सोय नसते. मेस कमिटीत असल्यामुळे मला दिसतं की त्या दिवशी सर्वांत जास्त फेकली जातात ती हाडं. ती घंटागाडीत जाईपर्यंत पावसात कुजतात, कुत्री पिशव्या फाडतात. शिजलेल्या कोंबडीच्या हाडाच्या अणकुचीदार काड्या होतात आणि त्या कुत्र्याच्या घशात रुततात, तो त्रास वेगळाच. म्हणून हा लेख. शाकाहारी मित्रांनी निदान थर्मोडायनॅमिक्सपुरता वाचावा.

आधी एक फरक लक्षात घेऊ. अमेरिकेत नोव्हेंबरच्या चौथ्या गुरुवारी थँक्सगिव्हिंगला टर्की नावाचा मोठा पक्षी अख्खा भाजतात. मांस कापून घेतल्यावर उरलेला सांगाडा दुसऱ्या दिवशी पाण्यात उकळून सूप करतात. हे जमतं, कारण भाजताना हाडांतला अर्क बराचसा हाडांतच राहतो. आपल्या रश्श्याचं उलट आहे. आपण हाडासकट मटण शिजवतो, आधी अळणी पाणी काढतो, म्हणजे अर्क रश्श्यात केव्हाच उतरलेला असतो. ताटातली उष्टी हाडं पुन्हा उकळून हाती फारसं काही लागत नाही, आणि उष्टं ते उष्टंच. मग वापरायची कोणती? चिकन फ्राय किंवा बिर्याणीसाठी पीस निवडताना बाजूला पडणारी मान, पाठ आणि पंजे. आणि तंदुरी केली असेल तर स्वयंपाकघरातच मांस काढून घेतलेले सांगाडे.

आता थिअरी. हाडं, कातडी आणि स्नायूंना बांधणाऱ्या पांढऱ्या पट्ट्या यांत कोलॅजन नावाचं प्रथिन असतं. तीन पदरी दोरीसारखी त्याची रचना असते. गरम पाण्यात ही दोरी उसवते आणि जिलेटिन तयार होतं. सूप गार झाल्यावर जेलीसारखं थलथलतं ते यामुळेच. नाशिक समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० मीटर उंचीवर आहे, म्हणून आपल्याकडे पाणी ९८ अंशांच्या आसपास उकळतं. उघड्या पातेल्यात कितीही मोठा गॅस केला तरी तापमान त्यापुढे जात नाही. कुकरमध्ये मात्र वातावरणापेक्षा साधारण एक बार जादा दाब असतो आणि पाणी जवळजवळ १२० अंशांवर उकळतं. दर १० अंशांना क्रियेचा वेग दुप्पट, हा ढोबळ नियम धरला तर काम चौपटीहून जास्त वेगाने होतं.

गंमत म्हणजे कुकरचा जन्मच हाडांसाठी झाला! देनी पापिन या फ्रेंच माणसाने १६७९ मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीला आपलं यंत्र दाखवलं. १६८१ मध्ये त्यावर पुस्तक काढलं आणि त्याच्या नावातच 'हाडं मऊ करणारं यंत्र' असं म्हटलं. भांडं फुटू नये म्हणून त्याने वजनाची झडप बसवली. आपल्या शिट्टीची ती पणजी. १६८२ मध्ये सोसायटीच्या सभासदांनी याच यंत्रात शिजवलेलं जेवण घेतलं, त्याची नोंद जॉन एव्हलिनच्या रोजनिशीत आहे. पुढे १६९० मध्ये पापिनने वाफेवर दट्ट्या हलवायची कल्पना मांडली. म्हणजे मेकॅनिकलवाल्यांचं स्टीम इंजिन आणि आपला कुकर एकाच घराण्यातले.

प्रॅक्टिकल असं: एक किलो कोंबडीची हाडं, अडीच-तीन लिटर पाणी, हळद, आलं-लसूण ठेचून, मिरे, एक कांदा. कुकर दोन तृतीयांशापेक्षा जास्त भरू नये. पहिली शिट्टी झाली की गॅस बारीक करून ४० मिनिटं. मटणाच्या हाडांना तास-सव्वा तास. शिट्ट्या मोजू नका, घड्याळ बघा. शिट्टी म्हणजे फक्त जादा वाफ बाहेर पडणं; शिट्ट्या वाढल्या म्हणून आतलं तापमान वाढत नाही, गॅस मात्र जळतो. शेवटी गाळून घ्या, मीठ नंतर घाला.

पण या सुपाला अमृत समजू नका. हाडांतलं कॅल्शियम पाण्यात फारच थोडं उतरतं. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला पॅरिसमध्ये हाडांचं जिलेटिन गरिबांना आणि दवाखान्यातल्या रुग्णांना स्वस्त अन्न म्हणून दिलं जायचं. मग माजांदी यांच्या समितीने कुत्र्यांवर प्रयोग करून १८४१ मध्ये निष्कर्ष दिला, की नुसत्या जिलेटिनवर प्राणी जगत नाही. कारण आज माहीत आहे: त्यात ट्रिप्टोफॅन हे आवश्यक अमिनो आम्ल नसतंच. म्हणून याच पाण्यात मसुराची डाळ शिजवा, सोबत भात घ्या. डाळीने ती उणीव भरून निघते आणि खर्चही फार नाही.

आता सर्वांत महत्त्वाचं. हे सूप रात्रभर ओट्यावर ठेवणं म्हणजे अख्ख्या विंगला जुलाब. क्लॉस्ट्रिडियम परफ्रिंजेन्स या जिवाणूचे बीजाणू उकळूनही मरत नाहीत आणि कोमट सुपात भराभर वाढतात. नियम असा: ६० अंशांवरून २१ अंशांपर्यंत दोन तासांत आणि तिथून पुढच्या चार तासांत ५ अंशांखाली. मोठ्या पातेल्यात हे होत नाही. गार होता होता सूप दाटतं, आतले प्रवाह मंदावतात आणि उष्णता फक्त वहनाने बाहेर येते. वहनात थराची जाडी निम्मी केली की वेळ चौथाईवर येतो. म्हणून उथळ परातींत ओता, पराती गार पाण्यात ठेवा, मग फ्रिजमध्ये. आणि पिण्याआधी पुन्हा खळखळून उकळा.

उरलेली हाडं कुकरनंतर इतकी ठिसूळ होतात की बत्त्याने सहज चुरा होतो. त्यात फॉस्फरस असतो. आपल्या काळ्या, चुनखडीयुक्त जमिनीत तो सावकाश मिळतो, म्हणून चुरा नुसता न टाकता कंपोस्टच्या खड्ड्यात खोल पुरावा, म्हणजे कुत्री उकरणार नाहीत.

माझी मेस कमिटीला सूचना एवढीच: पुढच्या गटारीला मान-पाठ-पंजे सकाळीच वेगळे काढावेत, दुपारपर्यंत कुकर लावावा आणि रात्रीच्या जेवणात पहिलं वाढप सुपाचं व्हावं. गार करायची वेळच येणार नाही. श्रावण लागायच्या आत पातेलं रिकामं!