उपस्थात्याचे चार गुण

चरकसंहितेच्या सूत्रस्थानात चिकित्सेचे चार पाद सांगितले आहेत : वैद्य, औषध, उपस्थाता आणि रुग्ण. उपस्थाता म्हणजे रुग्णाच्या उशाशी राहून त्याची शुश्रूषा करणारा. चारही पादांत वैद्याला प्राधान्य दिले असले, तरी शुश्रूषा करणाऱ्याची गणना त्याच पंक्तीत केलेली आहे, हे ध्यानात घेण्याजोगे आहे. या उपस्थात्याच्या अंगी चार गुण हवेत : उपचारांचे ज्ञान, दाक्ष्य म्हणजे कामातील कौशल्य, अनुराग आणि शौच.

यांत अनुराग, म्हणजे जिव्हाळा आहेच; परंतु तो एकटा नाही आणि पहिलाही नाही. रुग्णसेवा करणाऱ्याला हाच अनुभव पहिल्या काही दिवसांत येतो. मन कळवळते, पण काय करावे हे कळत नाही. या असमर्थतेच्या जाणिवेतूनच पुष्कळांच्या मनात विद्येची खरी तहान जागी झाली आहे.

इंग्लंडमधील सिसिली सॉण्डर्स (१९१८–२००५) यांचे चरित्र याची साक्ष देते. ऑक्सफर्डचा अभ्यास मध्येच सोडून त्यांनी दुसऱ्या महायुद्धाच्या काळात परिचारिकेचे शिक्षण घेतले. परंतु पाठीच्या दुखण्यामुळे ते काम त्यांना सोडावे लागले. पुढे त्या रुग्णालयात समाजसेविका झाल्या. १९४८ मध्ये डेव्हिड टॅस्मा या मरणोन्मुख पोलिश निर्वासिताची विचारपूस करताना त्यांच्या ध्यानात आले की, जेथे रोग बरा होण्याची आशा संपते तेथे वैद्यकाचे लक्षही संपते. त्याने आपल्या शिल्लकेतील पाचशे पौंड त्यांना या कार्यासाठी दिले.

त्यानंतर लंडनच्या सेंट ल्यूक्स रुग्णालयात त्या संध्याकाळी स्वयंसेविका म्हणून जाऊ लागल्या. तेथे असाध्य रुग्णांना वेदना असह्य होण्याची वाट न पाहता ठरलेल्या वेळी वेदनाशामक औषध देत. ही रीत त्यांनी डोळसपणे पाहिली. या रुग्णांसाठी काही करावयाचे, तर आधी वैद्यकाची पदवी घ्या, नाहीतर तुमचे कोणी ऐकणार नाही, असा सल्ला नॉर्मन बॅरेट या शल्यविशारदांनी त्यांना दिला. तेहतिसाव्या वर्षी त्या पुन्हा विद्यार्थिनी झाल्या आणि १९५७ मध्ये डॉक्टर झाल्या. १९६७ मध्ये त्यांनी सेंट ख्रिस्तोफर्स हॉस्पिस उभारले. त्याच विचाराचे बीज १९८६ मध्ये मुंबईत वांद्रे येथे ‘शांती आवेदना सदन’ या रूपाने रुजले आणि पुढे गोव्यातही त्याची शाखा निघाली.

आपल्याकडे बाबा आमटे यांचे उदाहरण सर्वश्रुत आहे. कुष्ठरोग्याला पाहून प्रथम ते भयाने मागे सरले होते. त्या भयावर मात करून ते सेवेस लागले. मात्र केवळ सेवेवर समाधान न मानता, व्यवसायाने वकील असलेल्या या गृहस्थांनी कलकत्त्याच्या ‘स्कूल ऑफ ट्रॉपिकल मेडिसिन’मध्ये जाऊन कुष्ठरोगाच्या उपचारांचे शिक्षण घेतले. करुणेला ज्ञानाची जोड मिळाली, तेव्हाच आनंदवनाचे कार्य दृढमूल झाले.

आज आपल्या घरांतून मुलांचा वैद्यकाकडे जाण्याचा निर्णय बहुधा परीक्षेतील गुणांवरून होतो. ज्याने रुग्णाजवळ तासभरही बसून पाहिले नाही, त्याने आयुष्याचा असा निर्णय घ्यावा, हे कितपत इष्ट आहे? आठवड्यातून दोन तास रुग्णसेवेस दिल्यास मुलाला स्वतःची पारख होईल. हा आपला मार्ग नव्हे, असे कोणास कळले तरी तो लाभच समजावा.

ही सेवा करताना चरकांचे चार गुण नियमांसारखे पाळावेत. शौच म्हणजे हात स्वच्छ धुणे, सर्दीपडसे असल्यास न जाणे, आणि रुग्णाची खाजगी गोष्ट बाहेर न बोलणे. दाक्ष्य म्हणजे ठरल्या वेळी हजर होणे, आणि परिचारिकेस विचारल्यावाचून औषध, पाणी वा अन्न न देणे. अनुराग म्हणजे उपदेश न करता ऐकणे. आणि ज्ञान म्हणजे मनात उठलेला प्रश्न टिपून ठेवून जाणत्याला विचारणे.

तो प्रश्नच पुढची वाट दाखवितो. पक्षाघाताने लुळा पडलेला हात पुन्हा कसा हलेल, असे ज्याला वाटते, त्याने भौतिकोपचार शिकावा. गेलेली वाचा कशी परत येईल, असे वाटणाऱ्याने वाचोपचार शिकावा. रुग्णाच्या घरची चूल कशी पेटेल, ही चिंता ज्याला लागते, त्याच्यासाठी वैद्यकीय समाजसेवा आहे. परिचर्या तर या सर्वांचा कणाच होय. डॉक्टर होणे ही अनेक वाटांपैकी एक वाट आहे.

घरी चर्चेसाठी प्रश्न :
१. चार गुणांपैकी आपल्यात कोणता उणा आहे आणि तो कसा वाढविता येईल?
२. आपल्या घरातील आजारी माणसाची शुश्रूषा नेहमी एकाच व्यक्तीवर पडते काय? मुलांना तीत कोणता वाटा देता येईल?